गायरान, गाळपेर आणि कोरडी नदी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात दख्खनच्या माळावर हिवाळ्यात उतरणाऱ्या पक्ष्यांविषयी लिहिलं होतं. त्यावर सगळ्यांत जास्त पत्रं शेतकऱ्यांची आली, याचा आनंद आहे. पुण्याचा पूर्व भाग, अहिल्यानगर, सोलापूर, बीड, धाराशिव, सातारा-सांगलीचे पूर्वेकडचे तालुके हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. वर्षाला जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस. इथले हिवाळी पक्षी अभयारण्यात थोडे आणि शेतात, गायरानात, ओढ्या-नद्यांच्या पात्रात जास्त राहतात. म्हणजे विळा कधी लागतो, रोटाव्हेटर कधी फिरतो आणि बंधाऱ्याला बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) कधी बसतात, यावर त्यांचं बरंचसं ठरतं. उत्तरांमध्ये तारखा आणि मापं बरीच आली आहेत ती त्यासाठीच.

प्रश्न : आमच्या गावाला सुमारे ४० एकर गायरान आहे. यंदा तिथे सलग समतल चर खोदून ग्लिरिसिडिया आणि कडुनिंब लावायचं ठरतंय. दिवाळीनंतर तिन्हीसांजेला तिथे घारीपेक्षा सडपातळ, लांब पंखांचे पक्षी घिरट्या घालतात आणि गवतात उतरतात. झाडं झाली तर त्यांना बसायला जागाच होईल ना?
– शेतकरी, करमाळा तालुका

उत्तर : जागा होणार नाही, आहे तीही जाईल. तुम्ही वर्णन केलेले पक्षी भोवत्या (इंग्रजीत हॅरिअर) आहेत. नर राखी-पांढरा, पंखांची टोकं काळी. मादी आणि पिल्लं तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. तरंगताना पंख इंग्रजी 'व्ही'सारखे वर उचललेले. माँटेग्यूचा आणि फिकट असे दोन भोवत्या आपल्या माळावर प्रामुख्याने येतात. मध्य आशियातल्या उघड्या गवताळ प्रदेशात त्यांचा जन्म होतो. ते झोपतात जमिनीवर, गवतात. गुडघाभर उंचीचं उभं गवत वारा अडवतं आणि त्यांना लपवतं. भोवताली मोकळं रान असलं की कोल्हा-कुत्रा येताना चाहूल लागते. तिथे झाडं उभी राहिली की शृंगी घुबडाला टपायला फांदी मिळते, सावलीत गवत विरळ होतं आणि भोवत्या ती जागा सोडतात.

झाडांचाही विचार करा. गायरानाची माती बहुतेक ठिकाणी वीतभर, खाली मुरूम. तिथली रोपं पाण्याच्या टँकरवर दोन वर्षं जगतात आणि नंतर वाळतात. ग्लिरिसिडिया मात्र तग धरतो आणि गवताला मागे सारतो. चरांचं नुकसान आणखी वेगळं. चरातून काढलेला मुरूम उताराच्या बाजूला पसरतो आणि त्याखाली शेडा, पवन्या, मारवेल यांची जुनी ठोंबं गाडली जातात. अशा उघड्या मुरमावर पहिल्यांदा कुसळ येतं, ते कोवळं असेपर्यंतच जनावर खातं. गुरांचा चांगला चारा गमावून कुसळ मिळवण्यासारखं ते आहे.

पंचायतीपुढे बोलायचं तर आधी मोजणी करा. सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी ३०० मीटर अंतरावर, सूर्य पाठीशी ठेवून बसा आणि पूर्ण अंधार होईपर्यंत हलू नका. दोघं असाल तर बरं : एकाने दुर्बीण धरायची, दुसऱ्याने घड्याळ आणि वही. इथे नेहमी एक चूक होते. भोवत्या उतरतात, परत उठतात, पुन्हा उतरतात. प्रत्येक उतरणं लिहून बेरीज केली की वीस पक्ष्यांचे साठ होतात. म्हणून दर पाच मिनिटांनी एकदा डावीकडून उजवीकडे नजर फिरवून त्या क्षणी हवेत असलेले पक्षी मोजायचे, आणि संध्याकाळभरातला सर्वांत मोठा आकडा धरायचा. तो खऱ्या संख्येपेक्षा थोडा कमीच भरतो, पण त्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही. नोव्हेंबरअखेर, जानेवारीच्या मध्यात आणि फेब्रुवारीअखेर अशा तीन वेळा, प्रत्येक वेळी दोन संध्याकाळी मोजा.

मग एकदाच, दुपारी ११ ते ३ च्या दरम्यान, पक्षी चरायला बाहेर असताना गवतात शिरा. दबलेल्या गवताच्या परडीएवढ्या बैठका दिसतील, जवळ पांढरी विष्ठा आणि अंगठ्याच्या पेराएवढ्या, ओकून टाकलेल्या राखाडी गोळ्या. पाण्यात भिजवून गोळी मोडली की त्यात नाकतोड्यांच्या तंगड्या आणि जबडे निघतात, कधी उंदराचे केस, कधी चंडोलाची पिसं. या गोळ्या कागदाच्या पुडीत घालून ग्रामसभेत नेल्या तर भोवत्या शेतकऱ्याचं काय काम करतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

गायरानाचं नियोजन असं करता येईल. रस्त्याकडची आणि वस्तीकडची निम्मी जमीन नेहमीप्रमाणे चराईला ठेवा. ती बंद करू नका, कारण धाविक, पखुर्डी, माळटिटवी आणि आखूड बोटांचे चंडोल यांना मेंढरांनी खुरटलेलं गवतच लागतं. उरलेल्यातलं साधारण दहा-बारा एकर गवत बी पडल्यावर, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यानंतर कापा आणि जमिनीपासून चार बोटं ठेवा. बी पडायच्या आधी कापलं तर तीन-चार वर्षांत मारवेल आणि शेडा विरळ होत जातात. बैठका असलेला मधला तुकडा, निदान पाच एकर, ३१ मार्चपर्यंत उभा ठेवा. भोवत्या वर्षानुवर्षं त्याच जागी येतात, म्हणून हा तुकडा दरवर्षी बदलू नका. एप्रिलमध्ये ते गेले की तेही कापून घ्या. तोवर त्याचा चारा म्हणून कस उतरलेला असेल. छपराला, बागेत आच्छादनाला किंवा जनावरांखाली अंथरायला तो उपयोगी पडतो. इतका तोटा गावाने धरावाच लागेल, तो लपवून पंचायतीला गळ घालू नका. न कापता सलग दोन-तीन वर्षं ठेवलं तर मात्र जुनं गवत लोळून थर साचतो, नवे फुटवे येत नाहीत आणि उभं गवत उरत नाही. त्यामुळे एप्रिलची कापणी टाळू नये.

वणव्याचा धोका खरा आहे. उभ्या तुकड्याभोवती डिसेंबरमध्ये पाच-सहा मीटर रुंदीचा पट्टा विळ्याने तासून, गवत ओढून बाहेर न्या. पट्टा जाळून तयार करायला जाऊ नका, तिथूनच आग पसरते. 'जाळलं की हिरवं लवकर फुटतं' हे आपल्या भागात फारसं खरं नाही. फेब्रुवारीत जाळलेल्या मुरमाड माळात ओलच नसते, वळवाचा पाऊस येईपर्यंत जमीन काळी पडून राहते आणि पहिल्या सरीत वरची माती ओढ्यात जाते.

झाडं लावायचीच असतील तर ओढ्याकाठी करंज, उंबर, जांभूळ लावा, शेताच्या बांधावर आणि शाळेभोवती कडुनिंब लावा. माळावर आधीच असलेल्या बोराटी आणि हिवर तोडू नका. एकरी तीन-चार बोराटीची झुडपं असली तर खाटीक, भारीट आणि गप्पीदास यांची सोय होते. त्याहून दाट होऊ देऊ नका.

जैवविविधता कायदा २००२ खाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत या रातनिवाऱ्याची नोंद गट नंबर, तारखा आणि आकड्यांसह करून घ्या. कामांची यादी ठरवताना 'पडीक' हा शब्द त्या गटापुढे लागू नये यासाठी ही नोंद कामी येते.

प्रश्न : शाळू हुरड्यात आला की भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) ढग उतरतात. फटाके, डबे सगळं झालं. काहीजण जाळी लावायला सांगतात, काहीजण औषध. काय करावं?
– ज्वारी उत्पादक, मंगळवेढा

उत्तर : औषध नकोच. भोरडीला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं संरक्षण आहे, आणि विषारी दाणा नुसती भोरडी खात नाही. चिमणी, होला, लावा, तुमच्या कोंबड्याही खातात. जाळीत भोरडीबरोबर साप, धामण आणि घुबड अडकतं, आणि मेलेल्या घुबडामागे वर्षभराचे उंदीर जगतात.

भोरड्या ऑगस्टमध्येच येतात आणि एप्रिलपर्यंत राहतात. पीक निसवायच्या, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या, आधी त्या शेतात दिसल्या तर हाकलू नका, तेव्हा त्या नाकतोडे आणि अळ्या टिपत असतात. नुकसान होतं ते दाणा दुधात आल्यापासून कडक होईपर्यंतच्या साधारण वीस दिवसांत, आणि त्यातही सूर्योदयानंतरचे दोन तास आणि सूर्यास्ताआधीचे दोन तास. म्हणजे राखण वीस दिवस, रोज चार तास. दिवसभर माणूस बसवून मजुरी वाया घालवू नका.

चकाकत्या फिती योग्य रीतीने बांधल्या तर खरंच उपयोगी पडतात. बहुतेक ठिकाणी त्या बांधायला चुकतात. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने चंदेरी अशी फीत घ्या. बांबू दहा मीटरवर रोवा, फितीची उंची कणसांच्या वर साधारण एक-दीड फूट. बांधताना प्रत्येक गाळ्यात तीन-चार पीळ द्या. पीळ नसला तर फीत वाऱ्यात फडफडत नाही, नुसती लोंबते. अगदी ताठ ओढली तरी आवाज येत नाही, थोडी सैल हवी. दोन ओळींत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर झालं की मधल्या पट्ट्यात थवा उतरतो. दिशा शक्यतो दक्षिणोत्तर ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फितीच्या अंगावर पडतं. आणि फिती दाणा दुधात भरू लागताच लावा. पोटरीतल्या, म्हणजे कणीस बाहेर न आलेल्या, पिकात लावल्या तर दाणा भरेपर्यंत थव्याला त्यांची सवय होते.

फटाके आणि डबे चार-पाच दिवसांत निकामी होतात, कारण आवाज एकाच जागेवरून येतो. रोज जागा बदला आणि माळ्यावरून गोफणही चालू ठेवा. थव्याने उतरण्याआधी, तो बाभळीवर बसलेला असतानाच उठवावा. कणसावर बसून पहिला घास घेतलेला थवा उठवायला दुप्पट कष्ट पडतात.

आणखी दोन गोष्टींवर जास्त भर द्यावा असं वाटतं. पहिली, शिवारातली पेरणी एका आठवड्यात होऊ द्या. गावात एकच शेत आधी किंवा सर्वांत शेवटी हुरड्यात आलं तर सगळा थवा तिथेच बसतो. दोनशे एकर एकदम हुरड्यात आलं तर प्रत्येकाच्या वाट्याला नुकसान थोडं येतं. दुसरी, कणीस वाळेपर्यंत वाट पाहू नका. दाण्याच्या बुडाशी, जिथे तो कणसाला चिकटलेला असतो तिथे, काळा ठिपका दिसला की दाणा पूर्ण भरला. त्यानंतर त्याचं वजन वाढत नाही, फक्त ओलावा कमी होतो. तेव्हाच कापणी करून कणसं खळ्यावर वाळवली तर राखणीचा एक आठवडा वाचतो.

प्रश्न : हरभऱ्यात पक्षिथांबे किती आणि किती उंच लावावेत?
– कोपरगाव तालुका

उत्तर : एकरी वीस. इंग्रजी 'टी'च्या आकाराची काठी, आडवी फांदी पिकापेक्षा तीन फूट वर, खडबडीत सालीची. गुळगुळीत पाइपावर पक्ष्याची पकड बसत नाही. घाटे अळीची अंडी दिसू लागतात त्याआधी, म्हणजे फुलोऱ्यापूर्वी लावा. कोतवाल, खाटीक, साळुंकी, नीलपंख यांना त्याचा उपयोग होतो. पेरताना हेक्टरी २०० ग्रॅम ज्वारीचं बी हरभऱ्यात मिसळलं तर तीच ताटं थांब्याचं काम करतात आणि काठ्या कमी लागतात. घाटे भरून दाणा टणक झाला की थांबे काढून घ्या, नाहीतर त्याच काठ्यांवर पोपट येऊन बसतील.

प्रश्न : गव्हात उंदीर फार झालेत. विष ठेवलं तर घुबडांना अपाय होतो का?
– शेवगाव तालुका

उत्तर : होतो, आणि तो कोणतं विष यावर अवलंबून आहे. ब्रोमाडिओलोनसारखं रक्त न गोठू देणारं विष खाल्लेला उंदीर काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो. गव्हाणी घुबड, खरूची, कापशी यांना तो सहज सापडतो आणि विष त्यांच्या यकृतात साठत जातं. झिंक फॉस्फाईडचा उंदीर लगेच मरतो, पण त्याचं आमिष म्हणजे दाणा. तो बांधावर पडला तर लावा आणि होला मरतात.

आधी सगळी बिळं चिखलाने बुजवा. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील तीच वापरातली. झिंक फॉस्फाईडला उंदीर संशय घेतो, म्हणून दोन दिवस बिनविषारी भरडा ठेवून सवय लावा, मग एकदाच विषाचं आमिष कागदाच्या पुडीत बांधून बिळाच्या आत हातभर सरकवा आणि तोंड बंद करा. बाहेर एक दाणाही उघडा राहू नये. मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून दोन फूट खोल पुरा. हे करताना हातमोजे हवेतच.

बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्याचंही तेच. पेरणी यंत्र बांधाशी वळतं तिथे मूठभर दाणे वर पडलेले असतात. इमिडाक्लोप्रिड लावलेले थोडे दाणे चंडोलासारख्या लहान पक्ष्याला पुरेसे होतात. वळणाच्या जागी पेरणीनंतर पाय फिरवून माती ओढा. पाच मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : आमची उजनीच्या फुगवट्यात गाळपेर (पाणी ओसरल्यावर पेरायची) जमीन आहे. हरभरा आणि गहू उगवला की डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस रात्री येऊन शेंडे खातात. हाकलावं तरी किती?
– इंदापूर तालुका

उत्तर : ते पट्टकादंब. हिमालय ओलांडून येतात, बहुधा डिसेंबरपासून मार्चपर्यंत राहतात. दिवसा पाण्याच्या कडेला किंवा बेटावर विसावतात आणि संध्याकाळी, रात्री, पहाटे चरतात. त्यांना आखूड, कोवळं, चार बोटांच्या आतलं गवत आवडतं, आणि चरताना चारी बाजूंना मोकळी नजर हवी. हे लक्षात घेतलं की उपाय सुचतो.

धरणाचं पाणी ओसरतं तशी जमीन उघडी पडते, आणि आपण ओलीच्या मागे मागे अगदी पाण्यापर्यंत पेरत जातो. त्यामुळे हंसाला पाण्यातून चालत थेट पिकात येता येतं. पाण्यालगतचा ३० ते ४० मीटरचा पट्टा न पेरता ठेवा. त्यावर लव्हाळी आणि हरळी येते. म्हशी-मेंढ्या तिथे चारून ते गवत आखूड ठेवा. हंसांना हाच पट्टा आवडतो. पिकाच्या पाण्याकडच्या कडेला जमिनीपासून एक वीत आणि दीड वीत उंचीवर दोन सुतळ्या ताणा, दर दोन मीटरला काडी. हंस उडून पिकाच्या मध्यात क्वचित उतरतो, काठावर उतरून चालत आत येतो आणि पायाला लागणारी दोरी टाळतो. नायलॉनची बारीक दोरी मात्र वापरू नका, ती अंधारात दिसत नाही आणि पायात गुंतते.

पेरणीनंतरचे पहिले ३० दिवस सांभाळले की पीक उंच होतं आणि हंसांचा रस कमी होतो. गहू फुटव्यांच्या आधी खाल्ला गेला तर बराचसा सावरतो. उपटला गेला असेल तर सावरत नाही, आणि उपटला जातो तो फार ओल्या चिखलात. म्हणून अगदी रबरबीत जमिनीत गहू टाकण्याची घाई नको, आठवडाभर वाफसा येऊ द्या.

याच काठावर फवारणी करताना पाण्यापासून निदान ३० मीटर अंतर ठेवा आणि पंप पाण्यात धुऊ नका. चिखलातल्या अळ्या आणि किड्यांवर पाणटिवळे, शेकाटे, तुतारी, चिखले जगतात. रोहितही तोच गाळ चाळतो. चिखलातले जीव संपले की काठ रिकामा होतो, आणि पुढच्या वर्षी 'पक्षी का कमी आले' अशी पत्रं आम्हाला येतात.

प्रश्न : नदीत पाणी अडवलं तर पक्षी वाढायला हवेत. आमच्या नदीवर पाच बंधारे झाले, डोह तुडुंब आहेत, तरी पूर्वीचे चक्रवाक आणि धोबी दिसत नाहीत. असं का?
– निवृत्त शिक्षक, सीना काठ

उत्तर : कारण पाणी आहे, पण काठ उरला नाही. सीना, माण, कऱ्हा, बोरी या पावसाळी नद्या. पूर्वी दसरा-दिवाळीपासून त्यांचं पाणी आठवड्या-आठवड्याला बोटभर उतरत जायचं आणि रोज नवी ओली वाळू, नवा चिखल उघडा पडायचा. धोबी, तुतारी, छोटा कंठेरी चिखल्या यांना घोट्याइतक्या पाण्याची आणि ओल्या काठाची ती सरकती पट्टीच लागते. चक्रवाकाला विसाव्याला वाळूचं मोकळं बेट हवं, चरायला आसपासचं शेत. कोल्हापुरी बंधाऱ्याला ऑक्टोबरमध्ये बर्गे बसले की वरच्या बाजूला पाणी थेट काटेरी काठापर्यंत चढतं, वाळू बुडते. खालच्या बाजूला नदी डिसेंबरातच कोरडी. पाच बंधारे एकापाठोपाठ असले की सगळी नदी या दोन अवस्थांत वाटली जाते.

पाणी अडवू नका असं कोणी सांगणार नाही, सांगूही नये. उपसा कोणत्या क्रमाने करायचा एवढं मात्र ठरवता येतं. बहुतेक गावांत पाचही डोहांतून एकदम मोटारी चालतात आणि मार्चमध्ये पाचही एकदम आटतात. पाणी वापर संस्थेत बसून क्रम लावा : जानेवारीत पहिल्या डोहातून, फेब्रुवारीत दुसऱ्यातून, अशा रीतीने. म्हणजे कुठला ना कुठला काठ सतत उघडा होत राहतो, आणि शेवटचा डोह एप्रिलपर्यंत गुरांना आणि माशांनाही राहतो. हे गणित शेतीलाही जुळतं, कारण पाच उथळ डोहांपेक्षा एका खोल डोहातून बाष्पीभवन कमी होतं.

खोलीकरण आणि रुंदीकरणाचा मुद्दा जास्त गंभीर आहे. जलयुक्त शिवारच्या वर्षांत कितीतरी ओढे यंत्राने खोदले गेले. यंत्रचालकाला सोपं पडतं म्हणून दोन्ही काठ उभे कापले जातात आणि माती काठावरच रचली जाते. पहिल्या पुरात ती माती परत पात्रात येते, काठ ढासळतो, आणि उथळ पाणी कुठेच राहत नाही. काम चालू व्हायच्या आधी अंदाजपत्रकात एवढं लिहून घ्या : एक काठ एकास पाच उताराचा, म्हणजे एक मीटर खोलीला पाच मीटर पसरलेला. दुसरा काठ उभा राहिला तरी चालेल, त्यात वेडा राघू आणि खंड्या बिळं करतात. जुने डोह आणि खडकाचे उंबरे तोडायचे नाहीत. निघालेली माती पूररेषेबाहेर, शक्यतो शेतात. दर २०० मीटरला ५० मीटर पात्र न खोदता जसंच्या तसं.

वाळूचंही तसंच. नदी सुरय, पाणभिंगरी आणि चिखल्या साधारण फेब्रुवारी ते मे या काळात वाळूच्या बेटांवर उघड्यावर अंडी घालतात. वाळूच्याच रंगाची असल्याने ती ट्रॅक्टरच्या चाकाखाली दिसतही नाहीत. हिवाळ्यात चक्रवाक बसतं ते बेट आणि उन्हाळ्यात सुरय अंडी घालते ते बेट बहुधा एकच असतं. गावात अशी दोन-तीनच बेटं उरली असतील तर त्यांचा नकाशा काढून तहसील कार्यालयात लेखी द्या, तोंडी सांगून काही होत नाही. शिवाय पात्रात घुसलेली वेडी बाभूळ मुळासकट काढा. नुसती तोडली तर एका खोडाच्या जागी सहा फुटवे येतात आणि बेट दोन वर्षांत झाकलं जातं. हे काम ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ओल असताना, मुळं सुटतात तेव्हा करायचं.

प्रश्न : शेततळ्याला दोन वर्षं झाली. एक खंड्या सोडला तर पक्षी नाही. उलट एकदा खोकड बुडालेलं सापडलं.
– सांगोला तालुका

उत्तर : ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद आणि एकास दीड उतार. त्यावर शेवाळ चढलं की पाय ठरत नाही. आत पडलेला प्राणी बाहेर निघू शकत नाही, आणि पक्ष्याला उभं राहायला काठ नाही, चिखल नाही, खायला काही नाही. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत काथ्याची जाड दोरी विणून केलेली, मीटरभर रुंद शिडी वरून थेट तळापर्यंत सोडा. वरचं टोक काठावर खुंटीला बांधा, कागदाला भोक पाडू नका. पाणी उतरलं तरी शिडी पाण्यात राहिली पाहिजे, अर्ध्यावर संपलेल्या शिडीचा काही उपयोग नाही. कुंपण असेल तर ते खालून बंद हवं.

पक्ष्यांसाठी शेततळ्याच्या सांडव्याखाली कागदाशिवायचं एक उथळ खळगं करा : पाच मीटर व्यास, मध्यभागी दीड फूट खोल, कडा जवळजवळ सपाट. ठिबकचा गाळणी-संच धुतल्याचं पाणी त्यात सोडा, मात्र खत किंवा आम्ल सोडलेलं नाही याची खात्री करून. महिन्याभरात तिथे धोबी आणि हिरवी तुतारी येईल.

प्रश्न : बाजरी काढल्यावर रान लगेच नांगरावं की ठेवावं?
– पारनेर तालुका

उत्तर : त्या रानात रब्बी घ्यायची नसेल तर सड (कापणीनंतर उरलेली खुंटं) जानेवारीपर्यंत उभी ठेवा. सांडलेला दाणा, तणाचं बी आणि सडाच्या आडोशाला राहणारे किडे यांवर चंडोल, डोंबारी, तीरचिमण्या, काळ्या डोक्याचे भारीट हिवाळा काढतात, आणि त्यांच्यावर भोवत्या. खोडकिडा किंवा गोसावी रोग जास्त होता अशा रानात मात्र सड लवकर काढून टाका, तिथे पिकाची काळजी आधी. रोटाव्हेटरपेक्षा साधी नांगरट बरी. नांगरामागे निघालेल्या हुमणीच्या अळ्या गायबगळे आणि साळुंक्या वेचतात. रोटाव्हेटर त्या वर आणतच नाही, आणि कोरड्या हलक्या जमिनीची भुकटी करतो.

प्रश्न : तळ्यावर एका हंसाच्या गळ्यात अक्षरं असलेला पट्टा दिसला. कोणाला कळवायचं?
– विद्यार्थिनी, भिगवण

उत्तर : मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला. मंगोलियात गळपट्टा घातलेले पट्टकादंब भारतात दिसल्याच्या नोंदी आहेत. पट्ट्याचा रंग, अक्षरांचा रंग, अक्षरं-अंक वरून खाली कसे आहेत ते, पायातही कडी असेल तर डाव्या की उजव्या, तारीख, वेळ, गावाचं आणि जलाशयाचं नाव, थव्यात किती पक्षी होते, एवढं लिहा. फोटो धूसर असला तरी पाठवा, दोन धूसर फोटोंवरून अक्षर लागतं. होडी जवळ नेऊ नका. दुर्बिणीने नाही वाचता आलं तर पहाटे काठावर शांत बसा, थवा विसाव्याला परतला की माना वर काढून उभा राहतो, तेव्हा पट्टा पूर्ण दिसतो. मेलेला पक्षी सापडला तर कडी न काढता त्यावरचा मजकूर टिपा आणि वनविभागाला कळवा.